करवतीचं झाकण

"देवानं मला माफ केलंय, तू कोण मोठा टिकोजीराव लागून गेलास?" मामा माझ्यावर खेकसला. नुकताच चर्चमध्ये फादरपुढे कन्फेशन करून आला होता आणि आल्या आल्या चहात बिस्किट बुडवत बसला होता.

मामाचा सुतारकामाचा कारखाना आहे. मशीनच्या करवतीवर एक झाकण असतं, हात पात्याला लागू नये म्हणून. काम भराभर उरकावं म्हणून मामानं ते काढायला लावलं आणि मिस्त्रीकाकांची दोन बोटं गेली. वर हा गावभर सांगत सुटलाय की म्हातारा पिऊन आला होता. काकांनी जन्मात दारूला हात लावलेला नाही. पण आता त्यांना कुणी दारात उभं करत नाही.

"फादरच्या कानात खरं बोललास ना? मग तेच काकांच्या घरी जाऊन बोल की," मी म्हणालो.

"अरे बाबा, माणूस मुळातच पापी. म्हणून तर देवानं माफी ठेवलीय. न्यायाचं त्याचं तो बघेल." एवढं बोलून त्यानं ओलं बिस्किट तोंडात टाकलं आणि बोटं चाटली. दहाच्या दहा. मला शिसारी आली.



ते झाकण पान्यानं मीच खोललं होतं. मला आता निघायला हवं, फादर पाचपर्यंतच कन्फेशन ऐकतात, आणि काकांचं दार टाळायचं म्हणजे लांबच्या गल्लीनं जावं लागतं.