मॅनेजरच्या आधीचा ‘द’

यंत्रात कामगाराची तीन बोटं गेली, त्याचा इंग्रजी अहवाल सुपरवायझर बाईंनी लिहिला. मॅनेजरसाहेब मजकूर कधीच वाचत नसत; ‘अ’, ‘अ‍ॅन’, ‘द’ तेवढे शोधत आणि लाल पेनाने समोरच्याची अब्रू काढत. आजही अख्ख्या ऑफिसला ऐकू जाईल असे खेकसले, “बाई, पंधरा वर्षं काय गवत उपटलंत? म्हणे ‘अ मॅनेजर’! या कारखान्यात मॅनेजर किती आहेत?” “एकच, साहेब.” “मग ‘द मॅनेजर’! ‘अ’ म्हणजे कुणीही सोम्यागोम्या.” त्यांनी ‘अ’ खोडला, ठसठशीत ‘द’ लिहिला आणि खाली ऐटीत सही ठोकली. बाईंनी तो कागद बाहेर बसलेल्या सरकारी निरीक्षकांच्या हातात दिला. यंत्र बिघडल्याचं मॅनेजरला महिनाभर माहीत होतं, असं त्या वाक्यात लिहिलं होतं. “इथं ‘द’ कुणी लिहिला?” निरीक्षकांनी विचारलं. बाई म्हणाल्या, “ज्यांना माहीत होतं, त्यांनीच.”