घुबडापुढे घेतलेलं नाव

आंबोलीच्या रानातलं सकाळचं धुकं जरा विरळ झालं, तसं अंजनीच्या फांदीवरचं घुबड अप्पांच्या कॅमेऱ्यात स्पष्ट दिसू लागलं.

याच झाडाखाली बायको थर्मास घेऊन त्यांच्या शेजारी बसायची. लेन्स पुसायचं फडकं मागताना अप्पांनी तिला नावानं हाक मारली, की ती पटकन त्यांच्या तोंडावर हात ठेवायची. "घुबडापुढे माणसाचं नाव घेऊ नये हो. ऐकलं की ते रोज घोकत बसतं, आणि तो माणूस झिजत जातो."

ती गेल्यापासून अप्पा आज पहिल्यांदाच इथे आले होते.

"काढा ना फोटो, उडेल ते," सोबत आलेली लेक कुजबुजली.

अप्पांनी कॅमेरा मांडीवर ठेवला आणि मोठ्यानं बायकोचं नाव घेतलं, "इंदू."

घुबडानं मान वळवून त्यांच्याकडे पाहिलं.

"इंदू," अप्पा पुन्हा म्हणाले. "रोज घोक."