भैयाजींची पोवळी

रुख्मिणीने श्वास रोखला. वाटलेल्या झिंग्यांचा गोळा वाटीत काढून तिने त्यात पाणी घातलं आणि काचेची नळी बुडवली.

"एकेका तोंडात एकेक थेंब," पलंगावरून भैयाजी म्हणाले. "घाई करू नोको, बाई."

भैयाजी तिचे सासरे. कोकणात समुद्री जीवांच्या एका प्रयोगशाळेत त्यांची पंचवीस वर्षं गेली होती. निवृत्त होऊन ते आपल्या गावी, सिंदीला परतले, ते काचेची पेटी, हवेचा पंप आणि नारिंगी पोवळ्यांचे चार जिवंत खडे घेऊन. खारं पाणी मुंबईहून गाडीने डब्यांतून येई. पहिल्या उन्हाळ्यात अर्धं गाव ते बघून गेलं. आता १९८३ साल चालू होतं आणि ते बघायला कोणी येत नव्हतं.

आजवर भैयाजी सगळं स्वतः करायचे. यंदा संक्रांतीपासून त्यांची कंबर धरली. त्यांनी पलंग पेटीला लावून घेतला, पायांवर चादर ओढून ते तिथेच पडून राहू लागले आणि काम सुनेकडे आलं. रुख्मिणीचं माहेर महानुभाव पंथाचं. तिने कधी अंड्यालाही हात लावला नव्हता.

खडे कुठे ठेवायचे तेही त्यांनीच तिला शिकवलं. कोपरापर्यंत हात त्या कोमट पाण्यात घालून ती खडा हलवायची आणि ते सांगत राहायचे, "उजेडात नाई. कपारीच्या पोटाखाली लाव, तोंड खाली करून. तिथं पाणी खेळते."

झिंग्यांचा वास आला की खड्यांवरची तोंडं उघडत. बारीक पिवळी बोटं थेंब धरत आणि मधला ओठ तो आत ओढून घेई. ते बघून तिच्या अंगावर काटा येई. दात पडलेली शंभर तोंडं आपल्या हातून जेवत आहेत असं वाटे. साबणाने चारदा हात धुतले तरी नखांतला वास जात नसे. पोळीचा घास तोंडाशी नेला की ती तो परत ताटात ठेवायची.

शिमग्यानंतर खोलीलाच वास सुटला. आधी सकाळचा, मग दिवसभर. गोडसर, कुजका, घशात बसणारा. रुख्मिणीने नवऱ्याला सांगितलं. ओमप्रकाश कापसाच्या जिनिंगमध्ये कारकून होता. तो म्हणाला, बाबांना दुसरा विरंगुळा कोणता आहे, थोडे दिवस सोसून घे. भैयाजी तर स्वतःच आल्यागेल्याची माफी मागत. उरलेलं खाणं खाली बसून सडतं, पोवळ्यांचा वास असाच असतो, असं सांगत. आणि तिला म्हणत, आज थोडं जास्त टाक.

ती पेटीचा तळ उपसायची, वाळू धुवायची. वास तसाच राहायचा.

वैशाखात तळेगावची मंडळी गुलाबला पाहायला आली. गुलाब ही भैयाजींची धाकटी मुलगी. दोन स्थळं आधीच परत गेली होती आणि या मुलाला मास्तरची नोकरी होती. रुख्मिणीने सगळ्या घरात उदबत्त्या लावल्या, भैयाजींच्या खोलीचं दार ओढून घेतलं. पण मुलाच्या वडिलांना व्याह्यांची भेट हवी होती. ते आत गेले आणि लगेच रुमाल तोंडाला लावून बाहेर आले. मुलाच्या आईने चहाची कपबशी तशीच खाली ठेवली. चार दिवसांनी नकाराचं पत्र आलं.

गुलाब रडली नाही. तिने पत्र घडी करून चुलीत घातलं आणि कणीक मळायला बसली. रुख्मिणीला ते बघवलं नाही.

दुसऱ्या दिवशी ओमप्रकाश कामावर गेल्यावर तिने विहिरीच्या पाण्याच्या दोन बादल्या भरल्या. खारं पाणी मोरीत सोडलं आणि पेटीत गोडं पाणी ओतलं. पोवळ्यांची तोंडं फटाफट मिटली. मग त्यांतून शेंबडासारखे धागे सुटू लागले. पदर नाकाला दाबून तिने चारही खडे घमेल्यात काढले आणि मागच्या उकिरड्यावर फेकून आली.

भैयाजी सगळं बघत होते. ते ओरडतील, शिव्या देतील अशी तिने मनाची तयारी केली होती. त्यांनी फक्त विचारलं, "काढले सारे?" आणि भिंतीकडे तोंड केलं.

तिने पेटी घासली, फरशी फिनाईलने दोनदा पुसली, खिडकी उघडी टाकली, कडुनिंबाचा पाला जाळला. संध्याकाळी ओमप्रकाश म्हणाला की तू चांगलं केलं नाहीस, पण घरात श्वास घेता येतो हे खरं.

तिसऱ्या दिवशी दुपारी ती जेवणाचं ताट घेऊन भैयाजींच्या खोलीत गेली आणि उंबऱ्यातच थबकली.

वास परत आला होता. आधीपेक्षा दाट.

ताट खाली ठेवून तिने शोधायला सुरुवात केली. कपाटामागे मेलेला उंदीर नव्हता. मोरी स्वच्छ होती. रिकाम्या पेटीत तिने डोकं घातलं, तर तिथे नुसता फिनाईलचा वास. पलंगाखाली वाकली तेव्हा मात्र वास एकदम अंगावर आला.

"उठ बाई," भैयाजी वरून हळूच म्हणाले. "पोवळ्याईचा वास नोहता तो. त्याईच्या नावावर निभून राह्यलं होतं."

ती उठून उभी राहिली. त्यांनी तिच्याकडे बघितलं नाही.

"ओमले सांगू नोको. दवाखान्यात नेतीन आन् कापतीन," ते म्हणाले आणि त्यांनी पायावरची चादर बाजूला केली. घोट्याखाली पाय काळाठिक्कर पडला होता, आणि बोटांच्या बेचक्यांतून पांढऱ्या अळ्या वळवळत होत्या.