सुबक टाके

लेसोथोच्या डोंगरात घोड्यावरून पडलेल्या पाहुणीला गावकऱ्यांनी मापालेसाच्या स्वयंपाकघरात आणलं. अमेरिकेची मदत थांबून दवाखान्याला कुलूप लागल्यापासून नर्स मापालेसा सात महिने घरीच बसून होती. कपाळावरचं रक्त पुसून तिनं टाक्यांच्या दोऱ्याचं शेवटचं पाकीट फोडलं. “कुठल्या तुम्ही?” पाहुणी चुळबुळली. “कॅनडाची.” मग डोळे मिटून म्हणाली, “नाही. अमेरिकेची.” मापालेसाचा हात थबकला. दारातली म्हातारी करवादली, “हिला कशाला शिवतेस, पोरी? एचआयव्हीच्या गोळ्या बंद झाल्यापासून माझी लेक झिजतेय!” मापालेसानं दात आवळून सुई टोचली. मन धुमसत होतं, तरी इतक्या महिन्यांनी कामाला लागलेले हात चुकत नव्हते. शेवटची गाठ बसली. “मी काय देऊ तुम्हाला?” पाहुणीनं रडत विचारलं. “काही नको. तिकडे टाके काढताना डॉक्टर विचारतील, इतकं सुबक कुणी शिवलं? सांगा, तुम्हीच घरी बसवलेल्या नर्सनं.”