बोट लागत नाही

“गेल्या वर्षी याच बोटीवर नुसती ओकत होते हो मी. या खेपेला बोट लागलीच नाही! पाळण्यात झोपल्यासारखं वाटतं,” बुड्या मारायला सुराबायाहून आलेल्या बाई म्हणाल्या.

बोटीचा तांडेल जुमादिल हसला. त्याचा सासरा, दाएंग सितुजू, हसला नाही. ही बोट त्याच्या हातची. ताना बेरूच्या किनाऱ्यावर त्याने ती बांधली तेव्हा दोन मजल्यांची होती. तिसरा मजला मालकाने यंदा चढवला. वर थंड हवेच्या खोल्या, त्यांच्याही वर पाण्याची टाकी. लेकीने हौसेने बोलावलं म्हणून म्हातारा चार दिवस पाहुण्यांबरोबर हिंडला होता, आणि चारही रात्री त्याच्या डोळ्याला डोळा लागला नव्हता.

लाबुआन बाजोच्या धक्क्यावर पाणी भरणं चाललं होतं. तासाभरात बोट पुन्हा निघायची होती.

“जुमादिल, पूर्वी ही कलली की झटक्यात उभी राहायची. त्या झटक्यांनीच लोकांना लागायची. आता ही डुलत नाही रे. उठावं की नाही, याचा विचार करते. डोक्यावर एवढं ओझं, एखाद्या लाटेला कलली की उठायचीच नाही.”

“लोक खूश आहेत, बाबा.”

“वरचा मजला काढायला लाव.”

“मी सांगू? मालक मलाच काढेल. उद्या इथे दुसरा तांडेल उभा असेल.”

म्हातारा खाली गेला, करवत घेऊन आला आणि तिसऱ्या मजल्याच्या खांबाला लावली. बाई किंचाळल्या. खलाशी धावले. जुमादिलने त्याचं मनगट धरलं तोवर करवत चांगली दोन अंगुळं आत गेली होती.

“उतरा, बाबा.” जावयाची मान खाली होती. “चारचौघांत मला तुमच्यावर हात टाकायला लावू नका.”

म्हातारा उतरला. त्याची लेक हस्रिया बोटीवर रांधायची. केळीच्या पानात भात बांधून ती मागोमाग धक्क्यावर आली.

“काय हे बाबा! ईदला घरी येतो आम्ही, तेव्हा भांडा हवं तेवढं.”

“तू चल माझ्याबरोबर.”

“आणि यांना सोडू?”

त्याने भाताची पुडी घेतली.

“मग एवढं तरी ऐक. खालच्या खोलीत झोपू नका. दोघंही उघड्यावर, कठड्याजवळ झोपा.”

“वारा किती झोंबतो तिथे! पांघरायचं काय?”

दाएंग सितुजूने कमरेचं लुंगीसारखं सारोंग सोडलं, नीट घडी केली आणि तिच्या हातात ठेवलं.

“अहो बाबा, लोक बघतायत!”

“जा. बोलावतायत तुला.”

बोट सुटली. भर दुपारी, गजबजलेल्या धक्क्यावर, हज करून आलेला सत्तरीचा म्हातारा आखूड चड्डीवर उभा होता. मासळीवाल्या पोरी तोंडावर हात ठेवून हसत होत्या. तो बोटीकडे बघत होता.