पाचवी शाखा

शवविच्छेदनाच्या वर्गात कुरामोची सेन्सेईंनी शिझुएच्या चित्रातली डाव्या फुप्फुसाच्या धमनीची पाचवी शाखा लाल पेन्सिलीने खोडली. "पुस्तकात चारच आहेत, बाई! पाचवी काय माहेरून आणलीस?"

"समोरच्या देहात आहे, सेन्सेई. बघा तरी."

त्यांनी बघितलं नाही. पोरं खिदळली, सेन्सेईंनी नापास केलं, आणि शिझुएचं वर्ष वाया गेलं.

पस्तीस वर्षांनी सेन्सेईंच्याच डाव्या फुप्फुसात गाठ निघाली. शस्त्रक्रिया करणार होती डॉक्टर शिझुए. आदल्या दिवशी तिने त्यांच्या स्कॅनचं चित्र पांघरुणावर आपटलं. "धमनीच्या शाखा मोजा."

सेन्सेईंनी मोजल्या, चष्मा पुसून पुन्हा मोजल्या. "पाच," ते पुटपुटले.


शिझुएने खिशातली लाल पेन्सिल त्यांच्या हातात कोंबली. "आता खोडा!"