घोडक्यांचा हात

इलेक्ट्रॉनिक्स प्रशिक्षण केंद्राने कसब साठवणाऱ्या हातमोज्यांत उतरवायला सहकारी घोडक्यांचा हात निवडला, तेव्हापासून रमाकांत परुळेकर मनातल्या मनात धुमसत होता. दोघांनी अख्खी नोकरी शेजारी बसून रडारचे बोर्ड दुरुस्त केले होते. आता ते मोजे आठवडाभर घातले, की कुणाच्याही हातात घोडक्यांचं कसब कायमचं उतरायचं.

रविवारी त्याची मुलगी मृदुला केंद्रातला प्रशिक्षणाचा आठवडा संपवून घरी आली आणि बंद पडलेला रेडिओ उघडून बसली. सोल्डर लावताना तिचं मनगट किंचित कललं, करंगळी हवेत उचलली गेली. हुबेहूब घोडके! रमाकांतच्या अंगाचा तिळपापड झाला.

"माझ्याकडून शिकायला काय झालं होतं तुला?" तो ओरडला.

"बाबा, तुम्ही मला तुमच्या टेबलाला कधी हात तरी लावू दिलात?"

मृदुलाने बटण फिरवलं आणि रेडिओ खणखणीत वाजू लागला. ती आनंदाने त्याच्याकडे बघत राहिली. रमाकांतने वाकून सोल्डरचा जोड पाहिला. इतका नितळ जोड त्याला स्वतःला कधी साधला नव्हता.

"घोडक्यांना सांग," तो म्हणाला, "काम छान झालंय."

मृदुलाचं हसू मावळलं.